फ्रिजच्या पाठीला फोन लावणारी बाई

फ्रिज बिघडला की माणसं आधी त्याला थापट्या मारतात. मग दर थोड्या वेळाने दार उघडून ‘झाला का गार’ म्हणून आत डोकावतात, म्हणजे उरलासुरला गारवाही बाहेर. मग शेजाऱ्यांना बोलावून हीच दोन कामं त्यांच्याकडूनही करून घेतात. एवढं सगळं होऊन दूध नासलं की आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जाऊन दार वाजवतात आणि म्हणतात, “मेस्त्रीणबाई, जरा येता का? फ्रिज एकाएकी गेला हो.”

एकाएकी काही जात नाही. हे वाक्य माझं नाही, मेस्त्रीणबाईचं आहे. ती दारात चपला काढते, बसत नाही, चहाला नको म्हणते आणि तीन प्रश्न विचारते. काय होतंय? कधीपासून? आणि त्याच्या आधी घरात काय काय हलवलंत? पहिल्या दोन प्रश्नांना लोक भरभरून उत्तरं देतात. तिसऱ्याला म्हणतात, “काहीच नाही.” मग घरातलं एखादं पोर बोलून जातं, “आई, आपण फ्रिज त्या कोपऱ्यात सरकवला ना पाहुणे आले तेव्हा?” आणि आईचा चेहरा पडतो.

मेस्त्रीणबाई दिसायला काटकुळी, केस करकचून बांधलेले, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, बॅटरी, दात घासायचे दोन जुने ब्रश, एक हातभर लांब दांड्याचा ब्रश आणि एक लहानसा आरसा. आरसा कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “काकू, फ्रिजच्या खाली तोंड घालून बघायचं माझं वय राहिलं का?” जन्मभर तिने शिलाईचं काम केलं. पडदे, गाद्यांच्या खोळी, शाळेचे गणवेश. तिचा नवरा फ्रिजचा मेस्त्री. तळमजल्यावरच्या एकाच खोलीत पुढच्या भागात त्यांचं काम, मागच्या भागात हिचं मशीन. त्यामुळे लोक हिला मेस्त्रीणबाई म्हणायचे ते नुसतं नवऱ्याच्या नावाने. पुढे ते खरंच झालं.

झालं असं की मेस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, थोडं जड, पण समजेल असं. पाय काठीच्या आधाराने दारापर्यंत जायला लागला. हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच. चांगला चालता धंदा, आणि माणूस खुर्चीत. महिनाभर गिऱ्हाइकं येऊन हळहळून गेली. मग शाळेजवळच्या डेअरीची दूधवाली आली, ती हळहळायला तयार नव्हती. “माझं लोणी वितळतंय,” म्हणाली. “ते येऊ शकत नाहीत तर तू ये. नुसतं बघ आणि त्यांना येऊन सांग.”

ही गेली. फ्रिजकडे बघितलं. तिला काहीही कळलं नाही. तिने घरी फोन लावला.

“अहो, नुसता गुरगुर करतोय.”

“कसा गुरगुर?”

“आता कसा म्हणजे? गुरगुर.”

“अगं, मांजरासारखा की पोट बिघडल्यासारखा?”

“मी काय सांगू! तुम्हीच ऐका.” आणि तिने वैतागून फोन फ्रिजच्या पाठीमागे, खाली, त्या कॉम्प्रेसरच्या काळ्या गोळ्याशी नेऊन धरला. पलीकडे मेस्त्रींनी ऐकलं. मग म्हणाले, “एका बाजूला कललाय. पुढचा डावा पाय फिरव. आणि भिंतीपासून वीतभर ओढ.” तिने पाय फिरवला, फ्रिज ओढला. गुरगुर थांबली. दूधवालीने दोघांना आशीर्वाद दिला, एकीला समोर आणि एकाला फोनवरून.

तेव्हापासून हीच पद्धत. हिचे हात, त्यांचा कान. आणि कान कसला होता त्या माणसाचा! फ्रिज सुरू होताना आधी ‘टक्’ होतं, मग घुमायला लागतो, मग थोड्या वेळाने आतून पाणी वाहिल्यासारखा बारीक आवाज येतो, तो गॅस फिरल्याचा. हे आपण सगळे रोज ऐकतो आणि कुणीच ऐकत नाही. मेस्त्री घरबसल्या फोनवरून सांगायचे, “टक् उशिरा येतोय,” किंवा “घुमतोय, पण दमतोय. मागची जाळी बघ, धूळ असेल.” धूळ असायचीच. एका घरातून तिने जाळीवरची एवढी जळमटं काढली की मी म्हटलं, उशी भर. खोटं वाटेल, पण भरलेल्या उशीएवढीच होती.

आणि मेस्त्रींनी तिला एक क्रम शिकवला. आधी फुकटचं बघायचं, मग स्वस्तातलं, महागातलं सगळ्यात शेवटी. म्हणजे आधी प्लग. मग आतलं बटण, पोराटोरांनी शून्यावर फिरवलंय का ते. मग भिंत आणि धूळ. मग आत सामान इतकं कोंबलंय का की गार हवेला जायला वाट नाही. मग पाणी वाहून जायचं भोक. आतल्या पाठीला खाली एक बारीक भोक असतं, त्यात पालेभाजीचं एक पान अडकलं तरी फ्रिजखाली तळं होतं. लोक फरशी पुसत बसतात. कोमट पाणी आणि कुल्फीची काडी, एवढ्यात काम होतं. हे सगळं झाल्यावरच गॅस आणि कॉम्प्रेसर यांचं नाव काढायचं. डॉक्टरही असे असते तर मी अधिक वेळा दवाखान्यात गेले असते.

एकाच गोष्टीला तिच्याकडे माफी नव्हती. बर्फ सुरीने खरवडणं. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाने ते केलं, फ्रीझरच्या पत्र्याला भोक पडलं, सगळा गॅस गेला. “हळूच खरवडत होतो,” वकील म्हणाला. “हळूच भोसकलंत,” मेस्त्रीणबाई म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

आता खरी गोष्ट सांगते. या कामामुळे घरात पैसा येत होता हे ठीकच. पण मेस्त्री या कामावर जगत होते. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि फोनजवळ खुर्ची. हाताचा व्यायाम करायला ते तयार नसत, रबरी चेंडू दाबायला दिला तर म्हणाले, “मी काय तान्हं पोर आहे?” तेव्हा तिने सांगितलं, फोन उजव्या हातानेच धरायचा. आधी डाव्याचा आधार देऊन, मग एकट्या उजव्याने. कामाचा फोन आहे म्हटल्यावर तो हात उठायला लागला. मी स्वतः बघितलंय. थरथरत, पण कानापर्यंत जायचा.

मग तिचा जुना बटणांचा फोन फ्रिजमागच्या पाण्याच्या तबकात पडला आणि मेला. दूर राहणाऱ्या लेकीने नवा पाठवला, मोठ्या काचेचा, चकचकीत. बाईला आधी तो धरताच येईना. म्हणाली, “फोन आहे की ट्रे?” पण शिकली.

आणि त्याच सुमारास मेस्त्री चुकायला लागले.

पहिल्यांदा दूधवालीकडेच. हिने फोन लावला, मेस्त्रींनी ऐकलं आणि म्हणाले, “उचलतो आणि बसतो, सुरू होऊन लगेच बंद पडतो. कॉम्प्रेसर जाम झालाय.”

“अहो, बसत नाही. चालू आहे. माझा हात आहे त्याच्यावर, थरथरतोय.”

“मला ऐकू येत नाहीये.”

“पुन्हा ऐका.”

“टक् झालं. जरा घुमला. बसला. थरथर दुसऱ्या कशाची तरी असेल.”

तिने आजूबाजूला बघितलं. दूधवालीने फ्रिजच्या पाठीमागे खोक्यांची रास लावली होती, हवाच खेळत नव्हती. खोकी हलवल्यावर फ्रिज ठणठणीत. तिने घरी जाऊन नुसतं सांगितलं, “झालं काम.” पण पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. फ्रिज कुठलाही असो, तक्रार कुठलीही असो, मेस्त्री म्हणणार, “उचलतो आणि बसतो.” आणि फ्रिज हिच्या हाताखाली व्यवस्थित घुमत असणार.

माझ्याकडे आली तेव्हा मला हे कळलं. माझा फ्रीझर चांगला होता, खालचं मात्र काही गार होत नव्हतं. तिने फोन धरला, मेस्त्री म्हणाले कॉम्प्रेसर. ती म्हणाली, “बरं, तुम्ही म्हणता तसं,” आणि फोन ठेवला. मग माझे डबे काढून दुसरीकडे लावले. वरून खाली गार हवा यायच्या जाळीसमोर मी सगळे मोठे डबे रचून ठेवले होते.

“अगं, ते कॉम्प्रेसर म्हणाले ना?” मी विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं. जणू मेस्त्री दाराआडच उभे होते. “काकू, त्यांना काही बोलू नका.”

“काय बोलू नको? मला कळेल असं बोल.”

“डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका कधीकधी बारीक येतो, कळत पण नाही. आतल्या आत काहीतरी जातं.” तिने माझा एक डबा उगाच पुसला. “बाकी सगळं ऐकू येतं हो त्यांना. लांबच्या गल्लीतला भाजीवाला माझ्याआधी ऐकतात. फक्त फ्रिज ऐकू येत नाही. म्हणजे कानाचं नाही ना? डोक्याचंच.”

“मग डॉक्टरांना दाखव.”

“नेलं तर विचारतील ना, कशाला नेतेस म्हणून. काय सांगू?”

“खरं सांग.”

“तुम्हाला बोलायला काय जातं, काकू.”

मला बोलायला काही जात नाही, हे खरंच आहे. पण असं मूग गिळून बसणं मला पटलं नाही, आणि मी तसं तिला सांगितलं. तिने ऐकलं नाही. ती रोज फोन लावायची, ते रोज ऐकायचे, चुकीचं सांगायचे, ही ‘हो’ म्हणायची आणि आपल्या मनाने बरोबर करायची. तोवर ती स्वतःच पक्की झाली होती, फोनची गरज कामाला राहिलीच नव्हती. गरज होती ती फोनच्या दुसऱ्या टोकाला.

अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन एकदा आमच्या दारावरून जात होती. मेस्त्री दारात खुर्ची टाकून बसलेले. मेट्रन मनाने चांगली, पण तिच्या तोंडाला दार नाही. थांबून कौतुकाने म्हणाली, “मेस्त्री, तुमची बायको म्हणजे सोनं हो! तुम्ही कॉम्प्रेसर गेला म्हणालात, आमच्या पोटात गोळा. हिने फोन ठेवला, नुसता ब्रश फिरवला, आणि झाला की सुरू! मागच्या वेळीही तसंच. शिष्या गुरूच्या पुढे गेली बघा.”

मेस्त्री हसले म्हणे. तिला नमस्कार केला. मग आत गेले आणि त्यानंतर फोन वाजला तरी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शर्टाची इस्त्री नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळीला टाळाटाळ. फोन वाजायचा, ते खिडकीकडे बघायचे. उजवा हात मांडीवर. ती कामावरून फोन करायची, वाजून वाजून बंद व्हायचा. मग त्यांनी ती घरात नसताना शेजाऱ्याकरवी निरोप धाडून पुढच्या चौकातल्या मेस्त्रीला बोलावणं केलं. याला सगळे झटपट म्हणतात, कारण त्याच्या पाटीवर तसं लिहिलंय. येतो मात्र तिसऱ्या दिवशी. त्याला सांगितलं, अवजारं घेऊन जा, नळ्या जोडायची बत्ती, गॅस भरायचं यंत्र, सगळं. मला काही नको.

हे कळल्यावर मी खाली गेले. संध्याकाळची वेळ होती. ती मागे स्वयंपाकाच्या ओट्याशी, ते पुढे खिडकीत.

“मेस्त्री, हा काय पोरखेळ लावलाय?” मी म्हटलं.

“काकू, पोरखेळ आधी चालला होता. आता बंद केला.”

“चुका सगळ्यांच्या होतात.”

“चुका झाल्या तर माणूस सुधारतो. मला तर कळतच नव्हतं मी चुकतोय. आणि हिला कळत होतं.” त्यांनी मागे बघितलंही नाही. “मी इकडे कानात प्राण आणून ऐकायचो. आणि ही तिकडे मला खेळवायची. वेड्या म्हाताऱ्याला खुळखुळा देतात तसं. उद्या झटपट येतोय. अवजारं गेली की सुटलो.”

मी मागे ओट्याशी गेले. वरचा धूर काढायचा पंखा एवढा धडधडत होता की माझं मलाच ऐकू येईना. तिचे डोळे लाल. कांद्याने नव्हे, कांदा अजून चिरायचा होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला. हिने तो कानाला लावला आणि पंख्यावर मात करायला ओरडून बोलायला लागली.

मला एकच बाजू ऐकू येत होती. “हो गं! ... काय? ... मी कुठे ओरडतेय? अगं, पंखा लावलाय ना! ... शांत? शांत कसं असेल? ... थांब, थांब. पुन्हा बोल.”

तिने फोन माझ्या कानाला लावला. “हिला विचारा, काकू.”

“काय गं?” मी विचारलं.

“आजी, आई उगाच ओरडतेय,” लेक म्हणाली. “इकडे मागे काहीच आवाज येत नाही. चांगला फोन आहे तो. मागचा घूं-घूं गोंगाट कापून टाकतो, फक्त बोलणं पाठवतो. म्हणून तर घेतला.”

मी हे जसंच्या तसं मेस्त्रीणबाईला सांगितलं. ती पंख्याकडे बघत राहिली. मग तिने गॅस बंद केला, माझा हात धरला आणि म्हणाली, “वर चला.”

आम्ही माझ्या घरी आलो. तिने मला माझा घरचा फोन दिला आणि बाहेरच्या खोलीत पाठवून मधलं दार लावून घेतलं, आणि आतून आपल्या फोनवरून तो लावला. माझे कान या वयात शाबूत आहेत, गुडघ्यांचं बोलू नका. मी ऐकायला लागले. टक्. मग जरासा घुमला. मग विरला, अगदी कुणी आवाज बारीक करत न्यावा तसा, आणि गप्प.

“काय ऐकलंत?” दाराआडून तिने विचारलं.

“सुरू झाला आणि बसला.”

दार उघडलं. फ्रिज छान घुमत होता. ती त्याच्याशेजारी जमिनीवर फतकल मारून बसली होती, हातात फोन, आणि तोंडावर असा संताप की मला वाटलं फोन आता भिंतीवर जातोय. “काकू,” म्हणाली, “मी त्यांना क्रमाने तपासलंच नाही. एकदम महागातलं धरून बसले.”

मी म्हटलं, “आता रडायचं की खाली जायचं?”

ती गेली नाही. म्हणाली, “आत्ता सांगितलं तर म्हणतील, नवीन खुळखुळा आणला. सांगून नाही चालणार.” यात तिचं बरोबर होतं. मेस्त्री लोकांना सांगून काही पटत नाही.

सकाळी झटपट खरंच आला, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. मोठी पिशवी घेऊन दारात उभा. मीही जाऊन बसले; मला कुणी बोलावलं नव्हतं. मेस्त्रींनी डाव्या हाताने अवजारांच्या पेटीकडे बोट केलं. तेव्हा मेस्त्रीणबाई मध्ये आली.

“भावजी, अवजारं न्या. पण आधी तुमचा फोन द्या जरा.”

“अगं, कशाला त्याला—” मेस्त्री म्हणाले.

“तुम्हाला काही समजावत नाहीये. एक वस्तू बिघडली आहे, ती तपासून द्या. शेवटचं काम समजा.”

आता काम नाही कसं म्हणणार? तिने आपल्या फोनवरून झटपटचा फोन लावला, तो त्यांच्या हातात दिला, त्यांची खुर्ची ओढून घरच्या फ्रिजला टेकवली, आणि आपला चकचकीत फोन फ्रिजच्या पाठीमागे धरला. मग बटण फिरवून फ्रिज बंद केला, जरा थांबली, पुन्हा सुरू केला.

टक्.

फ्रिज घुमायला लागला. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, खुर्ची हलत होती इतका. मेस्त्रींच्या कानाला फोन. एका कानात फ्रिज, दुसऱ्या कानात... मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. त्यांनी फोन काढून त्याच्याकडे बघितलं. पुन्हा लावला. मग झटपटच्या कानाला लावला.

“बसला,” झटपट म्हणाला. मग समोर घुमणाऱ्या फ्रिजकडे बघितलं. “आयला! हा काय चावटपणा?”

“पुन्हा,” मेस्त्री म्हणाले. पुन्हा झालं. “फोन जवळ ने. लांब ने. आता उलटा धर. आता तू बोल काहीतरी.” ती बोलली, “काय बोलू?” ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. मेस्त्रींनी एवढा वेळ तपासणी चालवली की झटपट अवजारांच्या पेटीवरच बसला. शेवटी त्यांनी फोनला एक अशी शिवी दिली की ती मी इथे लिहिणार नाही, पण झटक्यानंतर इतका स्पष्ट उच्चार मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

झटपट हसला. मी हसले. मेस्त्री हसले नाहीत. बायकोकडे वळून म्हणाले, “तुझा हात होता ना त्याच्यावर? चालू आहे हे कळत होतं ना?”

“हो.”

“मग भांडली का नाहीस?”

ती फोनची काच पुसायला लागली.

“जन्मभर भांडलीस. मिठावरून भांडलीस, लेकीच्या लग्नावरून भांडलीस, खिडकी उघडी ठेवायची की बंद याच्यावरून अजून भांडतेस. आणि याच्यावर नाही?”

“मला वाटलं तुम्ही खचाल.”

“मग? नाही खचलो का?” त्यांनी झटपटकडे हात केला. “हा पिशवी घेऊन आलाय.”

झटपटने पिशवी पाठीमागे लपवली. एवढा मोठा बाप्या. मग म्हणाला, “मी काय, सहज चाललो होतो इकडून,” आणि गेला. जाताना गॅस भरायच्या यंत्राकडे एकदा वळून बघितलं, ते मी पाहिलं.

मेस्त्रींचा राग मात्र फोनबरोबर गेला नाही. फोनने फसवलं ते एक वेळ चाललं, बायकोने सांभाळून घेतलं ते त्यांना झोंबलं होतं. दोन दिवस घरात बोलणं जेवायला बस, ऊठ, एवढंच. मी मध्ये पडले नाही. नवरा-बायकोत पडणाऱ्याला दोन्हीकडून बसतं.

तिसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, “फोन बघायला हवा दुसरा.” झालं, ही निघाली, आणि मला पिशवी धरायला बरोबर घेतलं. फोनच्या दुकानाला लागूनच थंड पेयांचं दुकान. तिने दुकानदाराकडून साध्यातला साधा फोन मागितला, त्यात आपलं कार्ड घातलं, घरी लावला आणि शेजारच्या दुकानात घुसून पेयांच्या फ्रिजमागे हात घातला.

“ओ बाई! काय करताय?” पेयवाला ओरडला.

“गप्प बसा जरा. ते ऐकतायत.”

“कोण ऐकतंय?”

“हा बहिरा,” पलीकडून मेस्त्रींचा आवाज. ती परत आली, दुसरा घेतला, पुन्हा घुसली. “हा पण बहिरा.” पुढचा. “हा अर्धा बहिरा.” तोवर दोन्ही दुकानांसमोर माणसं जमली. फोनवाला मला हळूच म्हणाला, “आजी, तुमच्या सूनबाईंना काही होतंय का?” मी म्हटलं, “तुमच्या फोनांना होतंय.” शेवटी काउंटरच्या तळातून त्याने एक ठोकळा काढला, जाडजूड बटणांचा, विकला जात नव्हता म्हणून पडलेला. ती तो घेऊन गेली. पलीकडून या वेळी ‘बहिरा’ आलं नाही.

“अहो? ऐकताय ना?”

“ऐकतोय,” मेस्त्री म्हणाले. “गॅस फिरतोय. मागच्या पंख्याचं एक पातं कशाला तरी लागतंय. त्या दुकानवाल्याला सांग.”

पेयवाल्याने मागे बघितलं. पंख्यात स्ट्रॉचा कागद अडकला होता. त्याने आम्हाला एकेक थंड बाटली दिली. मला थंड चालत नाही, मी पिशवीत टाकली.

लोकांना वाटेल इथे गोष्ट संपली. कान परत आला, शर्टाला इस्त्री आली, हात उठायला लागला. पण ज्याने घर मोडायला निघालं होतं ते अजून तसंच होतं. ती फोन धरायची, ते सांगायचे, आणि ती ‘हो’ म्हणायची. आता ते बरोबर सांगत होते, म्हणून ‘हो’ म्हणणं खपत होतं इतकंच. दर ‘हो’नंतर मेस्त्री क्षणभर थांबायचे. विचारायचे, “नक्की ना?” ती म्हणायची, “नक्की.” आणि त्यांना ते खरं वाटत नसे. खोटं एकदा पकडलं गेलं की खऱ्यालाही दंड भरावा लागतो.

मग एक दिवस मी वसतिगृहात होते. मी तिथे दुपारी मुलींना गणित शिकवते. त्या शिकत नाहीत हा भाग वेगळा. स्वयंपाकघरातला मोठा फ्रिज थांबायचं नाव घेत नव्हता, अखंड चालू, आणि आत सगळं कोमट. मेट्रनने मेस्त्रीणबाईला बोलावलं. तिने बघितलं, ठोकळा लावला.

“थांबतच नाही,” मेस्त्री म्हणाले. “आणि गॅसचा आवाज पातळ आहे. गळतोय कुठेतरी. सांध्यांवर तेलाचा डाग बघ.”

तिने बॅटरी घेतली, आरसा घेतला, सगळे सांधे बघितले. मग दाराशी आली, दारात एक कागद अडकवून दार लावलं आणि कागद ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा अलगद बाहेर आला. तिने दुसऱ्या कोपऱ्यात लावून बघितला. तिथे नाही आला. ती फोन हातात धरून उभी राहिली. मेट्रन तिच्याकडे बघत होती, मी बघत होते.

“काय? आहे डाग?” फोनमधून आवाज आला.

तिने एक मोठा श्वास घेतला. “नाही. आणि गॅस गळत नाहीये. चुकलात तुम्ही.”

तिने कागद पुन्हा त्या कोपऱ्यात लावून ओढला.

“दाराचं रबर गेलंय,” ती म्हणाली. “वरच्या कोपऱ्यात कागद सरसर निघतो. सगळी गरम हवा आत जातेय, तो बिचारा थांबणार कसा?”

“रबराने असा आवाज येत नाही!”

“येतो.”

“अगं, मी जन्म घालवला यात!”

“तुम्ही ऐकण्यात घालवलात. मी इथे उभी आहे, मला दिसतंय!”

“दिसतंय म्हणे. डाग नीट बघितलास? मागच्या बाजूचा खालचा सांधा?”

“बघितला!”

“आरशाने?”

“आरशाने! एवढं असेल तर या इथे आणि स्वतः बघा!”

“कसा येऊ? उडत?”

“गाडी करून या! पाय दारापर्यंत येतो ना? मग गाडीपर्यंत पण येईल!” आणि तिने फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

मेट्रन घाबरून म्हणाली, “अहो, त्यांना असं बोलायचं नाही ना, ते आजारी...”

“तुम्ही गप्प बसा हो,” मेस्त्रीणबाई म्हणाली. हे तिला कुणीतरी केव्हातरी म्हणायलाच हवं होतं.

मी वर्गात परत गेले नाही. मुली आनंदाने गणितं सोडून स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाल्या. बराच वेळ गेला. मग फाटकाशी गाडी थांबली. ड्रायव्हरने दार धरलं, आधी काठी बाहेर आली, मग पाय, मग इस्त्रीचा शर्ट. दवाखाना सोडला तर आजारपणापासून हा माणूस घरातून बाहेर पडला नव्हता. मेस्त्री आत आले, कुणाकडे बघितलं नाही, सरळ फ्रिजच्या मागे गेले. खालच्या सांध्याशी वाकता येईना, म्हणून बायकोच्या हातातला आरसा घेतला. बघितलं. पुन्हा बघितलं. मग पुढे आले, हात पुढे केला, तिने कागद दिला. त्यांनी तो वरच्या कोपऱ्यात लावला आणि ओढला.

कागद हातात आला.

“रबर,” ते म्हणाले.

ती काही बोलली नाही. अशा वेळी न बोलणं हे तिला शिलाईपेक्षा अवघड जात असणार.

“पण आवाज गॅसचाच होता,” ते म्हणाले.

“होता का?”

“होता!”

“बरं. स्टूल घ्या आणि बसा. मला गरम पाणी लागेल, रबर मऊ करून बसवते. तुम्ही दार धरा.”

मेट्रनने दोन स्टुलं आणली, मुलींनी पाणी तापवलं. ती स्टुलावर उभी राहून गरम फडक्याने रबर शेकायला लागली आणि बोटांनी काठाकाठाने दाबत निघाली, पडद्याची झालर बसवावी तशी. ते खाली दुसऱ्या स्टुलावर, खांदा दाराला लावून.

“हलवू नका.”

“मी कुठे हलवतोय?”

“मग दार का हलतंय?”

“तू दाबतेस म्हणून हलतंय. आणि तो कोपरा सुटला तुझा.”

“कुठे?”

“तिथे. डावीकडे. अगं, तिथे नाही. इकडे बघ ना, मी दाखवतो.”